कनेरगाव नाक्याचा समुद्रकिनारा

४ मे १९४१, कनेरगाव नाका

आज सरकारनं मला समुद्रकिनारा दिला.

दुपारच्या टपालात वरच्या कचेरीचा हुकूम आला. सोबत दोन लाल निशाणं, एक पिवळं निशाण आणि काथ्याच्या दोरीचं म्हशीएवढं भेंडोळं. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात पटकी सुरू झाली आहे, तेव्हा करोडगिरीच्या जकात नाक्याच्या मुन्शीनं, म्हणजे मी, नदीचा काठ बंद करावा. कसा करावा याचे नियम जोडले आहेत. ते कुठल्याशा बंदराच्या गावाहून उतरवून घेतलेले दिसतात. उतरवून घेणाऱ्याचं अक्षर इतकं देखणं आहे की मजकूर वाचायला त्याला सवड मिळाली नसावी.

कलम दुसरं : हवा खाण्यास येणाऱ्या मंडळींस किनाऱ्यावर जमू देऊ नये. कलम पाचवं : वाळूवर बसणे, निजणे, लोळणे सक्त मना. कलम सातवं : भरती-ओहोटी रोज नोंदवावी. कलम नववं : रोगट मुलखातून आलेल्या जहाजास पिवळे निशाण लावून, माणसांसह दहा दिवस अलग ठेवावे.

वैशाखातली पैनगंगा म्हणजे दोन डबकी, मधे पांढरी वाळू, आणि त्या वाळूत बायांनी पाण्यासाठी उकरलेले झिरे. आमच्या सरकारच्या उभ्या मुलखाला समुद्र नाही. पण नियम आले आहेत, मागोमाग समुद्रही येईल. टपाल उशिरानं येतं, इतकंच.

चपराशी गुलाम नबीनं दोरी हुंगून पाहिली. म्हणाला, "मुन्शीजी, ही तर जहाजाची दोरी हाय. खाऱ्या पाण्याचा वास येऊन राहिला."

"म्हणजे जहाज तेवढं राहिलं. बाकी सगळं पोचलं."

संध्याकाळी नोंद केली. सकाळी : ओहोटी. संध्याकाळी : ओहोटी.

६ मे

काठ बंद झाला. गुलाम नबीनं खुंट ठोकले, मी दोरी ताणली. दोरीच्या दोन टोकांना लाल निशाणं. लांबून फार शोभा येते. माझ्या हाताखाली आजवर एक चपराशी आणि एक तराजू होता. आता एक नदी आहे. अर्धी का होईना. पाणी भरणाऱ्या बायांना आपल्या बाजूचे झिरे मोकळे ठेवले, तेवढी अक्कल मी पदरची घातली.

कलम पाच अन्वये वाळूत लोळणारे हटकले. दोन गाढवं, एक म्हैस आणि उकंडराव पाटलांचे मेव्हणे. गाढवांनी ऐकलं.

रात्री जेवताना द्वारकाबाईंनी विषय काढला. आमच्या सौभाग्यवतींची पद्धत अशी की आधी भाकरी वाढायची, मग बोलायचं, म्हणजे माणूस उठून जाऊ शकत नाही.

"आशीला आणायला कवा जायाचं?"

आशा आमची एकुलती. पलीकडच्याच गावात दिली आहे. काठावर उभं राहिलं की तिच्या घरचा लिंब दिसतो. पहिलटकरीण, नववा लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे कुठल्याही कलमात नाही, त्यामुळे ते कुणालाच मोडता येत नाही.

मी म्हणालो, "काठ बंद आहे."

"बंद कुनी केला?"

"सरकारनं."

"खुंट तर तुमी ठोकले."

"गुलाम नबीनं ठोकले," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. "आता तिकडून येणाऱ्याला दहा दिवस वाळूत छपरी घालून अलग राहावं लागेल. नियम सगळ्यांना सारखा. मुन्शीच्या लेकीला वेगळा नाही."

हे वाक्य उच्चारताना माझा आवाज मला फार आवडला. द्वारकाबाईंना आवडल्याचं दिसलं नाही.

९ मे

रहमतबी आली. नाक्यावरची सगळी पोरं हिच्या हातची, आशासुद्धा. काठी टेकत आली आणि दोरीला हात लावून उभी राहिली.

"मुन्शीजी, पलीकडची दाई मेली म्हनतेत. पटकीनं. मंग आमच्या आशाचं कोन करंल?"

"रहमतबी, येण्याबाबत कलम आहे. जाण्याबाबतही आहे. गेलीस तर दहा दिवस परत येता येणार नाही."

"न्हाई आले तर न्हाई आले. माझी कोन वाट पाहून राहिलं?"

"तुझी नाही, पण इथं आणखी चौघी अवघडलेल्या आहेत. त्यांचं कोण करणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. म्हातारीनं दोरी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाली, "तुमच्या वक्ताला तर पाऊस-पूर व्हता. तुमच्या सासऱ्यानं मले खांद्यावर बसवून नदी उतरवली व्हती, आशाच्या जन्माला. त्याला कुनी कलम न्हाई दाखवलं."

मी सांगितलं की तेव्हा पटकी नव्हती. ती म्हणाली, "नदी तर व्हती." आणि गेली.

माणसं एकदा रडायला लागली की त्यांना तर्क समजत नाही. मी तर रहमतबीच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही, म्हणून माझा तर्क शाबूत राहिला.

ओहोटी. ओहोटी.

१२ मे

वऱ्हाडाचं एक मला कधी उमगलं नाही. म्हणायला आमच्याच सरकारचं, पण नांदतं इंग्रजाघरी. नाव आपलं, चूल त्यांची. लग्न लावून दिलेल्या मुलीसारखं.

आज जावईबापू संतराम पलीकडच्या काठावर आले. मधे वाळू, त्यामुळे बोलणं ओरडून. अशानं घरची गोष्ट दोन्ही सरकारांच्या कानांवर जाते.

"मामाऽ! आमचा चुलता पटकीनं गेला! काल!"

"आशा कशी आहे?"

"हाय बरी! पान्याला भ्याली! उकळून पिऊन राहिली!"

"शाबास!"

"मामा, तिला इकडं ठेवणं ठीक न्हाई! काई तरी करा!"

मी काहीतरी करायच्या आत माझ्या लक्षात आलं की पलीकडच्या काठावर त्यांचा शिपाई आणि अलीकडच्या काठावर माझा चपराशी, दोघंही माझ्याकडे पाहत आहेत. मी मोठ्यानं म्हणालो, "धीर धरा! सरकार उपाय करत आहे!"

संतरामांनी हात जोडले. मग पाठ फिरवून गेले.

रात्री अर्धी भाकरी ताटात टाकली. पीठ खरबरीत दळलं असावं.

१४ मे

नवी भानगड. पलीकडचं गाव मरीआईचा गाडा काढणार आहे.

रोगाची साथ आली की हे करतात. गाडीत मरीआई बसवायची, हिरवं लुगडं, लिंबाचा पाला, बांगड्या, नारळ, आणि वाजतगाजत गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. देवीबरोबर रोगही जातो. कुठं जातो? शेजारच्या गावात. शेजारचं गाव मग पुढच्या शिवेवर ढकलतं. अशा रीतीनं आपल्याकडे रोगराईचं वाटप अगदी शेजारधर्मानं होतं.

त्यांची शीव नदी. नदीच्या अलीकडे आम्ही.

उकंडराव पाटील घामाघूम होऊन नाक्यावर आले. "मुन्शीजी, गाडा आडवा! तुमच्यापाशी दोरी हाय!"

"पाटील, गाडा अडवला आणि आपल्या दारात थांबला तर?"

पाटील दोन पावलं मागं सरले. "मंग आडवू नका! भरधाव जाऊ द्या!"

प्रश्न खरोखर नाजूक आहे. गाडा हे वाहन, म्हणून कलम नऊ लागतं आणि दहा दिवस वाळूत पिवळं निशाण लावून उभा करायला हवा. पण आतली बाई उतारू धरायची की माल? जकातीच्या दरपत्रकात गूळ आहे, कापूस आहे, विड्याची पानं आहेत. देवी नाही. मी वरच्या कचेरीला खुलासा मागितला. माणूस घोड्यावर पाठवला.

१७ मे

खुलासा आला. माझ्या नोकरीत इतक्या चपळाईनं कधी उत्तर आलं नव्हतं. देवाधर्माला हात लावायची वेळ आली की कचेरीचे हात फार झरझर चालतात. मजकूर असा : "सदर गाडा अडवू नये, उघडू नये, झडती घेऊ नये, जकात घेऊ नये. मुन्शीने जातीने हजर राहून पुढील शिवेपर्यंत विनाअडथळा रवाना करावा."

जेवताना हे मी द्वारकाबाईंना वाचून दाखवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझ्या कामात त्यांनी पहिल्यांदाच रस घेतला.

"म्हंजी कुनीच उघडून पाह्याचं न्हाई?"

"कुणीच नाही."

"तुमी पन न्हाई?"

"मी तर मुळीच नाही. हुकूम माझ्याच नावचा आहे."

"अन् त्यांचा शिपाई?"

"पलीकडचा? त्यांच्याकडे असाच हुकूम असणार. देवीच्या लुगड्याला हात लावायची कुणाची छाती आहे?"

"बरं बरं." त्यांनी मला न मागता तूप वाढलं. "अन् गाडा मधी उभा राह्यला तर? बायांना वटी भराया पायजे की. आपल्या परसाकडं सावली हाय बगा, लिंबाची."

सूचना योग्य होती. रस्ता मोकळा राहतो आणि पाटलांचं दारही वाचतं. मी लगेच मान्य केली. माणसानं घरी थोडं सरकारी काम आणावं, बायकोच्या मनाचा विस्तार होतो.

१९ मे

घरात धर्म फार वाढला आहे. द्वारकाबाई देवीच्या स्वागतासाठी घर सारवत आहेत. मधली खोली पुरी रिकामी केली. जुनी लुगडी धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून वाळत घातली. देवीला फाटकी लुगडी चालतात हे मला ठाऊक नव्हतं. पाणीही स्वतः झिऱ्यावरून आणतात आणि पलीकडच्या बायांना ओरडून देवीची तयारी विचारतात. रहमतबी दोनदा येऊन गेली. मुसलमान असून मरीआईवर तिची इतकी श्रद्धा! मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "बायांचं काम हाय, मुन्शीजी. बायांच्या देवीला बायांचीच फिकर."

आशाची कुणी आठवणसुद्धा काढली नाही. चार दिवसांत एकदाही नाही. मीच काढली, तर द्वारकाबाई म्हणाल्या, "आता देवीच्या हवाली." आईचं काळीज इतक्यात दगड होतं हे पाहून मला वाईट वाटलं. मी एकटाच काठावर जाऊन त्या लिंबाकडे पाहत उभा राहिलो. बसणं मना आहे.

२१ मे

घडलं तसं लिहितो.

दुपारी बाराच्या सुमाराला पलीकडून हलगी ऐकू आली. गाडा काठाखाली उतरला. बैल नव्हते, माणसंच ओढत होती, पुढे संतराम. जावयांनी जू खांद्यावर घेतलेलं पाहून मला आश्चर्य वाटलं. शिकलेला मुलगा, मिशीला पीळ देणारा, आणि मरीआईचा गाडा ओढतो! वाळूच्या मध्यावर त्यांनी जू टेकवलं आणि मागं न बघता परतले. फक्त संतरामांनी बघितलं. रीत मोडली.

तिथून आमची माणसं. आमच्याकडची रीत अशी की गाडा जाताना पुरुषांनी त्याच्याकडे पाहायचं नाही. पाहिलं तर देवी त्याच्या घरी उतरते. तेव्हा ओढणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, वाट दाखवायला बाया आणि आम्ही बाकीचे पाठ करून. उकंडराव पाटील तर पाठ करून शिवाय डोळे मिटून. मी सरकारी देखरेख करायला उभा होतो, तीही पाठमोरी. सरकारी देखरेख बहुधा अशीच होते, पण मला तिचा प्रत्यक्ष अनुभव पहिल्यांदाच आला.

गाडा माझ्या मागून गेला. चाकं वाळूत करकरत होती. आणि आतून आवाज आला. कण्हण्याचा. खोल, लांब, दात आवळून धरलेला.

पाटील कुजबुजले, "घुमली! देवी घुमली!"

मी देवीला मानत नाही. तरी माझे हात जोडले गेले. त्या कण्हण्यात काहीतरी ओळखीचं होतं. मी मनात म्हणालो, आई, काय मागायचं ते माग, पण पलीकडे माझी लेक आहे, तिला हात लावू नकोस.

परसाकडच्या लिंबाखाली बायांनी ओटी भरली. गाण्याचा मोठा गिल्ला झाला. इतका मोठा की दुसरं काही ऐकू येऊ नये. मग गाडा पुढच्या शिवेकडे निघाला.

गुलाम नबी माझ्या शेजारी पाठमोराच उभा होता. म्हणाला, "मुन्शीजी, येताना चाकं रेतीत रुतून राहिले व्हते. जाताना गाडा कसा फुलावानी गेला."

"रस्ता टणक आहे."

"व्हय. तसंच असंल," तो म्हणाला, आणि उगाच खाकरला.

दोरी पुन्हा ताणायला गेलो, तर दोरी अर्धीच. एक लाल निशाण आणि पिवळं निशाणही गायब. सरकारी मालाची चोरी! रिपोर्ट लिहायला तावातावानं घरी आलो.

चोरीचा माल माझ्याच अंगणात होता. दाराभोवती खुंट, खुंटांना दोरी, दोरीवर लाल निशाण. चौकटीवर पिवळं. दोरीपलीकडे द्वारकाबाई, बाह्या वर खोचलेल्या.

"थांबा. तिथंच थांबा."

"ही सरकारी दोरी आहे!"

"व्हय. म्हनूनच लावली. साधी दोरी तुमी मानली नसती."

"आत काय आहे?"

"जहाज आलंय," त्या म्हणाल्या. "पलीकडून. दहा दिस अलग. मी, रहमतबी अन् आशी आत. तुमी भायेर. नियम सगळ्यांला सारखा. मुन्शीला येगळा न्हाई."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून रहमतबीचा आवाज आला, "जोर लाव, माझे माय, जोर!" आणि मघाचं तेच कण्हणं. मग थोडा वेळ काहीच नाही. त्या थोड्या वेळात मी दोरीचे पीळ मोजले. आणि मग टँहाँ.

"काय झालं?" मी ओरडलो. नदीवर ओरडायची सवय झाली होती.

"पोरगी!" रहमतबी आतूनच ओरडली. "नाक आज्यावानी! भलं मोठं!"

संध्याकाळी नाक्यावर बसून नोंद केली. गाडा न उघडता, विनाअडथळा रवाना केला. कोणीही उतारू काठ ओलांडताना दिसला नाही. पाठमोऱ्या माणसाला दिसत नाही, हे खरंच आहे.

सकाळी : ओहोटी. दुपारी : भरती.

२४ मे

नाक्याच्या गोदामात निजतो. जेवण गुलाम नबीच्या घरून, त्याच्या खतीजाबीच्या हातचं. ज्या घरचं पाणी चालतं की नाही यावर माझ्या वडिलांनी जन्म घालवला, त्या घरचं पिठलं आज मी तिसऱ्यांदा मागून घेतलं.

दुपारी दोरीपाशी गेलो, तर द्वारकाबाईंचा चेहरा उतरलेला. "सकाळधरनं आशीला दोनदा जुलाब झाला."

मी दोरी उचलली.

"खाली ठेवा."

"द्वारका, माझी लेक आहे ती!"

"माझी कोन हाय? आत याल तर भायेर जाता यायचं न्हाई. अन् भायेर गेलात तर गावभर नेऊन वाटाल. मंग मी तिला गाड्यात घालून आनली ते काहून? गावाला मारायला?"

बावीस वर्षांत मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. किंवा ती बोलत असेल, मी जेवत असेन.

दोरी खाली ठेवली. पण हललो नाही. उन्हात अंगणात बसून राहिलो. रहमतबी मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी चमच्यानं पाजत होती, त्या चमच्याचा वाटीवरचा आवाज बाहेर येत होता. तो थांबला की मी दोरीला हात घालायचो. विनोद करायचा फार प्रयत्न केला. एकही सुचला नाही.

ऊन कलताना आशाचाच आवाज आला, बारीक. "बाबा, उन्हात नका बसू. कलम हाय ना?"

मी म्हणालो, "कलम वाळूला आहे. ही माती आहे."

२६ मे

उतार. बाळंतकाढ्याचा जुलाब होता, पटकीचा नव्हे. रहमतबीनं खिडकीतून बाळ उंच धरून दाखवलं. नाकाबद्दल म्हातारी खोटं बोलली नव्हती, बिचारी पोर.

पलीकडच्या काठावर संतराम आले. मी सरकार, शिपाई कुणाचाही विचार न करता ओरडलो, "दोघी ठीक आहेत!" ते वाळूतच मटकन बसले. त्यांच्या शिपायानं हटकलं नाही. उलट गुलाम नबीच्या म्हणण्याप्रमाणे, गाडा उतरवताना चाकाला रेटा त्यानंच दिला होता. त्याला काय ठाऊक होतं, ते मला विचारायचं नाही.

१ जून

काल दहा दिवस भरले, आज बारसं. काठावरची साथ ओसरली, म्हणून नेमका आजच तालुक्याहून मोहनसिंग जमादार सरकारी सामान जमा करायला आला. दोन लाल, एक पिवळं, दोरी एक.

लाल दोन्ही दिली.

"पीला?"

पिवळ्याची कुंची झाली होती आणि ती पोरीच्या डोक्यावर होती. जमादारानं कुंचीवरचा सरकारी शिक्का वाचला. तो नेमका कपाळावर आला होता.

"और दोरी?"

अर्धी मी दिली. उरलेली आढ्याला बांधलेली, तिला पाळणा, पाळण्यात पोरगी. जमादारानं मिशी चावली. "मुन्शीजी, ये तो सरकारी माल है. खोलना पडेगा."

"बराबर हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "सोडा. पन जरा सबुरीनं सोडा, आत्ताच डोळा लागलाय. तवर येवढा झोका द्या, माझे हात कणकीचे हायेत."

जमादारानं दोरी हातात घेतली. ओढली. पाळणा हलला. सोडून उठायला गेला, तर पोरीनं असा टाहो फोडला की त्यानं घाबरून परत ओढली. ती गप्प झाली. पुन्हा सोडली, पुन्हा टाहो. रहमतबी पान लावत म्हणाली, "तिले दोरी वळखू येते, जमादार. दोरीतलीच हाय ती."

दिवे लागले तरी मोहनसिंग जमादार आमच्या मधल्या खोलीत बसून सरकारी माल ताब्यात घेत होता.